बादोराला मेंढ्या नको होत्या

…तर वीज पडली आणि ओकच्या झाडाखाली माझ्या बापाच्या एकाहत्तर मेंढ्या आडव्या झाल्या, इथवर काल आलो होतो. बाप तिथंच दगडावर बसून राहिला. उठेना, बोलेना. आईनं आणलेली भाकरीही त्यानं तशीच कुत्र्यापुढं टाकली. आणि मग पुढच्या रविवारी सकाळी आमच्या वाड्यापुढं माणसं यायला लागली. ज्याच्या त्याच्या खांद्यावर एक मेंढी. बोलणं नाही, विचारपूस नाही. कुंपणाचं फळकूट सरकवायचं, मेंढी आत सोडायची, टोपी जराशी उचलायची आणि चालू पडायचं. बाप मोजत होता आणि मोजता मोजता डोळे पुसत होता. गेल्या होत्या एकाहत्तर, आल्या चौऱ्याण्णव.

याला आम्ही पारादुरा म्हणतो. ज्याचा कळप गेला त्याला गावच्या प्रत्येक मेंढपाळानं एक मेंढी द्यायची. परत मागायची नाही, पुढं कधी भांडणात काढायची नाही. आणि पारादुरा मागितल्यावर नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हणणारा माणूस आमच्या ओर्थाई गावात अजून जन्मायचा आहे.

हे एवढं घोळून सांगतोय ते बादोरासाठी. तिची गोष्ट पारादुरेचीच आहे, फक्त उलटी.

बादोरा पिरास म्हणजे माझ्या चुलतभावाची मुलगी. तशी गावातली सगळीच तरणी माणसं मला बाकिसकाका म्हणतात, पण बादोरा हक्कानं म्हणते आणि हक्कानंच शिव्याही घालते. तिचा बाप गेला तेव्हा ती एकोणीस वर्षांची. जर्मनीतल्या मावशीनं तिकीट पाठवलं होतं. हिनं ते चुलीत घातलं आणि बापाची कातर कमरेला लावून कळपामागं निघाली. पुरुषमंडळी हसली. बाईनं दूध काढावं, चीज करावं, पण डोंगरावर कळप घेऊन चार-चार महिने राहायचं म्हणजे काय! त्या वर्षी कातरणीला ती माझ्या शेजारी बसली. माझी सातवी मेंढी चालू होती तेव्हा हिची अकरावी सुटली. वर मला म्हणते, "काका, तुमच्या कातरीला गंज आहे की मनगटाला?" त्या दिवसापासून हसणं बंद.

छत्तिसाव्या वर्षी तिचा डावा पाय ओढायला लागला. आधी म्हणाली मुरगळलाय. मग एका डोळ्यापुढं महिनाभर धुकं. मग हातातून दुधाची बादली सुटायला लागली. शहरातल्या इस्पितळात नेलं, यंत्रात झोपवलं, पाठीतून पाणी काढलं आणि नाव सांगितलं: मल्टिपल स्क्लेरोसिस. वायरीवर कसं आवरण असतं, तसं आपल्या मज्जातंतूंवरही असतं; ते शरीर आपणहून कुरतडायला लागतं. का, ते धड कुणाला सांगता येत नाही. आमच्या सार्डिनिया बेटावर हा आजार जितका आहे तितका जगात फार थोड्या ठिकाणी आहे. आमच्या एका गल्लीत तिघं. पण नाव कुणी घेत नाही. "तिला ते झालंय" म्हणायचं आणि आवाज खाली आणायचा.

बादोरानं आवाज खाली आणला नाही. जुना तीनचाकी टेम्पो घेतला, त्याची ब्रेकची पट्टी हाताशी बांधून घेतली आणि त्यातून कळपामागं फिरायला लागली. दूध काढायला चाकांचं बुटकं स्टूल केलं, त्यावर बसून या मेंढीकडून त्या मेंढीकडे सरकते. शिट्टी तर अशी घालते की पलीकडच्या डोंगरावरचा कुत्रासुद्धा उठून बसतो. मी एकदा म्हटलं, "पोरी, पायानं साथ सोडली, आता कळप विकून टाक." म्हणाली, "काका, माझा एक गेला. मेंढ्यांचे सहाशे शाबूत आहेत."

अशी आठ वर्षं गेली. मग त्या जानेवारीत डॉक्टरीण आली.

इलारिया सेक्की नाव तिचं. बादोराला शहरात तीच तपासायची. बादोरानंच तिला गावात बोलावलं, चर्चशेजारच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या. डॉक्टरीण लहानखुरी, पण बोलायला खणखणीत. म्हणाली, "माणसाच्या शरीराचं एक लिखाण असतं. बापाकडून, आईकडून येतं. त्या लिखाणात फार फार जुने विषाणू अडकून पडलेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांना लागण झाली, विषाणू आत शिरले आणि लिखाणातच शिवले गेले. ते आता झोपलेले आहेत. पण बादोरासारख्या आजारात त्यातले काही जागे झालेले दिसतात. मला या गावच्या दोनशे माणसांचं रक्त हवंय. आजारी माणसांचं आणि धडधाकट माणसांचं, दोन्ही."

प्रेदु लोद्दो उभा राहिला. प्रेदु म्हणजे आमच्या सहकारी डेअरीचा अध्यक्ष, चारशे मेंढ्यांचा धनी, आवाज बैलासारखा.

"आईकडून लेकराला जातो का हा?"

"जातो," डॉक्टरीण म्हणाली.

"रक्तात लपून बसतो?"

"रक्तातच काय, अंगाच्या कणाकणात."

"औषधानं निघतो?"

"नाही. निघत नाही."

प्रेदु खाली बसला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं. आमच्या दोघांच्या डोक्यात एकच शब्द आला होता. खंगणी.

मेंढपाळाला हा शब्द ऐकला की घाम फुटतो. खंगणी हा मेंढ्यांचा रोग. विषाणूचाच. आईच्या दुधातून कोकराला जातो, वर्षानुवर्षं रक्तात दबा धरून बसतो, औषध नाही. आणि एके दिवशी चांगली धष्टपुष्ट मेंढी वाळायला लागते आणि मागचे पाय ओढत चालते. आता सांगा, बादोरा कशी चालत होती?

डॉक्टरीण पुढं पुष्कळ बोलली. हे सगळ्यांत असतं, माझ्यात आहे, तुमच्यात आहे, असंही म्हणाली असणार. नंतर ती शपथेवर सांगत होती की म्हणालीच. पण आमचे कान केव्हाच बंद झाले होते. आम्ही मनातल्या मनात आपापल्या मेंढ्या मोजत होतो.

शेवटी तिनं टेबलावर काचेच्या नळ्या मांडल्या. आमच्याकडं नळीत रक्त घ्यायला एकच माणूस येतो, सरकारी पशुवैद्य. तो येतो, हसून बोलतो, वाईन पितो, नळ्या भरून नेतो. पंधरा दिवसांनी कागद येतो आणि कागदाच्या मागं ट्रक. अकरा वर्षांपूर्वी माझ्या मेहुण्याचा अख्खा कळप असा गेला. तेव्हा त्या संध्याकाळी टेबलापाशी तिघंच गेले: बादोरा, पाद्री आणि डॉक्टरिणीचा ड्रायव्हर. बाकी सगळ्यांना अचानक दुधाची वेळ आठवली.

त्यानंतरचं सांगताना मला लाज वाटते, पण सांगतो, कारण त्यात माझंही तोंड होतं. दारूच्या गुत्त्यात मीच पहिल्यांदा बोललो, "तिला ते मेंढ्यांकडून तर नाही आलं?" एवढंच. पण आमच्या गावात एवढं पुष्कळ होतं. आठवड्याभरात सगळ्यांना ठाऊक झालं की बादोराच्या कळपात खंगणीचा कुठलासा जुना, छुपा प्रकार आहे, तो तिला लागला आणि उद्या तिच्या दुधातून आमच्या चीजमध्ये येणार. डेअरीनं तिचं दूध घेणं थांबवलं. तिनं पशुवैद्याला बोलावून सगळ्या मेंढ्यांचं रक्त तपासून घेतलं, एकही रोगी निघाली नाही. तो कागद तिनं प्रेदुच्या टेबलावर आपटला. प्रेदु म्हणाला, "पोरी, तुझी डॉक्टरीणच म्हणाली ना, कोट्यवधी वर्षांचा आहे म्हणून? जो कोट्यवधी वर्षं लपला तो आमच्या पशुवैद्याला सापडणार होय? त्याला तर स्वतःची गाडी सापडत नाही."

आता तुम्ही म्हणाल, काय निर्दय माणसं! तसं नाही हो. निर्दय असतो तर गोष्ट तिथंच मिटली असती. आम्हाला तिची दया आली, आणि सगळी भानगड तिथूनच झाली. गुत्त्यात बैठक बसली. प्रेदुचे डोळे भरून आले. म्हणाला, "तिच्या बापाबरोबर मी डोंगरावर झोपलोय. तिला अशी सोडायची नाही. आपण तिचा रोगट कळप काढून टाकू आणि तिला पारादुरा देऊ. प्रत्येकानं एक चांगली, निरोगी मेंढी. आहे त्यापेक्षा मोठा कळप होईल तिचा." सगळ्यांनी ग्लास आपटले. केवढा मोठेपणा! रविवारी मेंढ्या न्यायच्या ठरल्या आणि त्यानंतरच्या बुधवारी खाटिकखान्याचा ट्रक.

मी घरी येऊन माझी सगळ्यात देखणी दोन वर्षांची मेंढी बाजूला काढली, काळ्या कानाची. माझी बायको मिंतोनिया दारात उभी होती.

"कुठं निघाली ही नवरी?"

"बादोराला. पारादुरा आहे."

"तिच्या मेंढ्या मेल्या?"

"बुधवारी मरतील."

"कशानं?"

"आपण ट्रक बोलावलाय ना."

"तिला विचारलंत?"

"पारादुरा काय विचारून करतात?"

मिंतोनियानं मेंढीच्या काळ्या कानाला हात लावला. मग म्हणाली, "म्हणजे वीजही तुम्हीच, आणि शेजारीही तुम्हीच." आणि आत निघून गेली. मी म्हटलं, बायकांना यातलं काय कळतंय.

रविवारी सकाळी बादोराच्या वाड्यापुढं आम्ही त्र्याऐंशी माणसं उभी होतो आणि त्र्याऐंशी मेंढ्या बें-बें करत होत्या. बादोराचा टेम्पो आतून फटफटत आला. तिनं इंजिन बंद केलं, काठी टेकली, उतरली आणि कुंपणाच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. कुत्रा तिच्या पायाशी बसला.

"काय प्रेदुकाका, बाजार भरवलात का माझ्या दारात?"

प्रेदुनं टोपी काढली. त्यानं भाषण पाठ केलं होतं, पण ते त्याला आठवेना. "पोरी, बुधवारी ट्रक येईल. तुझ्या त्या… त्या घेऊन जाईल. आणि या आम्ही आणल्यात. पारादुरा आहे. सगळं गाव आहे बघ."

 तिच्या मागं तिचा कळप उभा होता. एकशे पन्नासावर मेंढ्या, बऱ्याचशा गाभण, आणि त्यातल्या प्रत्येकीची आई, आजी, पणजी तिच्या बापानं हातानं वाढवलेली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. मला वाटलं, आता रडेल. मग वाटलं, आता शिव्या देईल. तिनं दोन्ही केलं नाही.

"पारादुरा कुणाला देतात, काका?"

"ज्याचा कळप गेला त्याला."

"माझा कुठं गेलाय? मागं बघा. मोजा हवं तर."

"अगं, पण त्यांच्यात तो—"

"माझं काय गेलंय ते मी सांगते," बादोरा म्हणाली. "डावा पाय गेला. उजव्या डोळ्याला लाल रंग दिसत नाही, सगळं विटकरी दिसतं. हाताची तीन बोटं कधी माझी असतात, कधी नसतात. आठ वर्षं झाली. कुणाच्या दारात उभी राहून मी काही मागितलं? सांगा, बाकिसकाका, मागितलं?"

"नाही," मी म्हणालो. काखेतल्या मेंढीनं मला लाथ घातली.

"आज मागते. माझी हक्काची पारादुरा मागते. मेंढी नको. इथं आलेल्या प्रत्येकानं आणि त्याच्या घरातल्या मोठ्या माणसांनी एक-एक नळी रक्त द्यायचं. पुढच्या रविवारी, शाळेत, डॉक्टरिणीला. ज्याला नाही म्हणायचं असेल त्यानं आत्ता, सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणावं. मी ऐकते आहे."

 नाही म्हणायचं? पारादुरेला? बापजाद्यांत कुणी म्हटलेलं नाही! जो तो शेजाऱ्याच्या बुटाकडं बघायला लागला. मागून कुणीतरी पुटपुटलं, "रक्तात सापडलं तर ट्रक आमच्याकडं वळेल."

"माणसांना नेणारा ट्रक अजून निघालेला नाही, घाबरू नका," बादोरा म्हणाली. "आणि ऐका. निकाल येईपर्यंत माझी एक मेंढी हलणार नाही. दूध घेऊ नका, मी घरी चीज करीन. पण निकालात जर असं निघालं की तो विषाणू माझ्यातच आहे आणि तुमच्यात कुणातच नाही, तर ट्रकवाल्याला मी स्वतः फोन करीन. सगळा कळप मी माझ्या हातानं चढवीन. कबूल?"

प्रेदु म्हणाला, "कबूल." दुसरं काय म्हणणार? मग आम्ही त्र्याऐंशी शहाणे आपापली मेंढी काखेत मारून जसे आलो तसे परत गेलो. मिंतोनिया दारातच होती. "आली का नवरी माहेरी?" एवढंच म्हणाली.

पुढच्या रविवारी शाळेत जी गंमत झाली ती मी मरेपर्यंत सांगणार. डॉक्टरिणीनं संमतीचे कागद छापून आणले होते, खाली सही करायची. आमच्यातल्या म्हाताऱ्यांना कागदाखाली नुसतं नाव लिहिणं कच्चं वाटतं. तेव्हा प्रत्येकानं नावापुढं आपल्या कळपाच्या कानाची खूण काढली: कुणाची कानाच्या टोकाला खाच, कुणाची भोक, कुणाची मागून दोन चिरा. डॉक्टरीण कागद उलटेसुलटे करून बघत राहिली. बादोरानं तिला समजावलं, "राहू दे. सही खोटी करता येते. ही खूण खोटी केली तर इथं गोळी घालतात." डॉक्टरिणीनं सगळे कागद पिशवीत जपून ठेवले.

प्रेदु रांगेत पहिला. आयुष्यात हजारो कोकरं सोलली असतील या माणसानं. बाही वर केली, सुई बघितली आणि खुर्चीसकट धाडकन मागं! नर्स धावली, पाद्री धावला. बादोरा स्टुलावरून म्हणाली, "त्याचं डोकं खाली करा आणि पाय वर. मेंढी व्यायला अडली की मी तेच करते."

डॉक्टरिणीला दोनशे नळ्या हव्या होत्या. संध्याकाळपर्यंत दोनशे चौदा नळ्या भरल्या. प्रेदुची शेवटी भरली, डोळ्यांवर टोपी ठेवून.

मग चार महिने वाट बघणं. बादोराची कोकरं झाली, नरकोकरं ईस्टरच्या मेजवान्यांसाठी बाहेरगावी विकली गेली. दूध डेअरीत जात नव्हतं, म्हणून ती रोज घरीच तांब्याच्या कढईत विरजायची, आणि तिच्या फळ्यांवर चीजचे गोळे छताला टेकले. कुणी विकत घ्यायला येत नव्हतं. मी एकदा गेलो, तर एका हातानं ती गोळे पालटत होती, दुसरा हात त्या दिवशी तिच्या ऐकण्यात नव्हता. मी विचारलं, "पोरी, निकाल वाईट आला तर?" ती म्हणाली, "काका, डॉक्टरिणीनं मला तीनदा समजावलंय आणि मला तीनदा कळलंय. पण दिवसा कळतं. पहाटे दूध काढताना एकेकीच्या पाठीवर हात ठेवते तेव्हा कळत नाही." एवढं एकदाच मी तिला घाबरलेलं पाहिलं.

जूनमध्ये तिच्या कळपाची लोकर कातरायची वेळ आली. आमच्याकडं कातरणीला आमंत्रण नसतं. शेजाऱ्याचा दिवस कुठला ते ठाऊक असतं, आपापली कातर घेऊन जायचं, दिवसभर कातरायचं, दुपारी त्याच्याकडं जेवायचं. पण त्या साली कुणी जाईल का, याची मलाच खात्री नव्हती. कळपाला हात लावायचा होता ना! मी सहाला पोचलो. बादोरा एकटीच खाली बसून एक मेंढी गुडघ्यांत धरून कातरत होती. मीही एक मेंढी धरून शेजारी बसलो. सातला दोघं आले. आठला पाच. नवाला मी मोजणं सोडून दिलं. प्रेदु आला, पण कुंपणाबाहेर उभा राहिला, कातर बगलेत धरून.

दहाला डॉक्टरिणीची गाडी आली. तिच्या हातात पाकिटांचा गठ्ठा होता. "ज्याचं पाकीट त्यानंच उघडायचं," म्हणाली. "दुसऱ्याचं मी सांगणार नाही. पण सगळ्यांचं मिळून सांगते."

कातरी थांबल्या. अर्धवट कातरलेल्या मेंढ्या तशाच माणसांच्या मांडीत.

"त्याआधी एक विचारते. मेंढी व्यायली की कोकरामागून काय पडतं?"

"वार!" सगळे एकदम. असलं काही विचारायला डॉक्टरीण कशाला हवी?

"बाईलाही पडते. ती वार गर्भाशयाला धरून राहते, म्हणून पोटातलं मूल जगतं. ती धरून राहायची कला माणसाला कुणी शिकवली? त्याच जुन्या विषाणूंतल्या एकानं. आपल्या पूर्वजांना लागण झाली, तो लिखाणात शिवला गेला आणि कोट्यवधी वर्षांपासून आईच्या पोटात कामाला आहे. तो नसता तर तुमच्यातला एकही जण जन्माला आला नसता. मेंढ्यांचा विषाणू वेगळा, पण त्याही अशाच कुणाच्या तरी जीवावर वितात."

शेवया वाढायला आलेली मिंतोनिया मागून ओरडली, "म्हणजे माझी पाच पोरं त्याच्यामुळं झाली? आणि हे म्हातारबाबा इतकी वर्षं मिशा पिळतायत!" जो हशा झाला, जो हशा झाला! मीही हसलो, काय करणार.

डॉक्टरीण हसू आवरून म्हणाली, "आता निकाल. दोनशे चौदा नळ्या. जुने विषाणू किती जणांत सापडले? दोनशे चौदा. एकही सुटला नाही. पाद्रीबाबाही नाहीत. बादोराच्या आजाराच्या संदर्भात मी ज्या एका तुकड्याच्या मागं आहे तो मात्र सगळ्यांत नाही. तो आहे सत्तेचाळीस जणांत, आणि त्यातली बहुतेक माणसं ठणठणीत आहेत. तो असला म्हणजे आजार होतोच असं नाही, नसला म्हणजे होत नाही असंही नाही. तो आजाराचं कारण आहे की आजारामुळं जागा होतो, हे मला अजून माहीत नाही. तेच शोधायला तुमचं रक्त लागणार आहे. पण एक पक्कं माहीत आहे. हा मेंढीकडून आलेला नाही, दुधातून जात नाही, चीजमध्ये नसतो. तुम्ही आयांकडून, बापांकडून घेऊनच आलात."

प्रेदु कुंपणाच्या आत आला. पाकीट फाडलं, चष्मा घरी राहिला होता म्हणून माझ्या हातात दिलं. "वाच, बाकिस. मोठ्यानं."

"नाव: लोद्दो, प्रेदु," मी वाचलं. "तुकडा: आहे."

"परत वाच."

"आहे रे बाबा. ठळक अक्षरात आहे."

प्रेदुनं स्वतःच्या दोन्ही पायांकडं पाहिलं. उजवा उचलून बघितला, डावा उचलून बघितला. मग बादोराच्या आखडलेल्या पायाकडं पाहिलं. तो एवढा मोठा माणूस, पण त्याचा आवाज कोकरासारखा झाला. "माझ्यातही तोच. आणि मी तुझ्या मेंढ्यांना ट्रक सांगितला होता."

बादोरानं हातातली मेंढी सोडली. ती नागडी पांढरी मेंढी उड्या मारत कळपात पळाली. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. ज्यांच्या मांडीत मेंढ्या होत्या त्यांनी टाळ्या वाजवताना त्या सोडल्या, आणि अर्ध्या कातरलेल्या, एका बाजूनं लोकरीच्या आणि एका बाजूनं उघड्या अशा मेंढ्या सगळ्या वाड्यात सैरावैरा धावायला लागल्या. आम्ही सगळे मेंढपाळ त्यांच्यामागं! प्रेदु पालथा पडून एकीचा पाय धरून होता. डॉक्टरीण पाकिटं छातीशी धरून भिंतीवर चढली. बादोरा आपल्या चाकांच्या स्टुलावर बसून शिट्ट्यांवर शिट्ट्या घालत होती आणि हसून हसून तिला श्वास पुरत नव्हता. आठ वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

जेवताना तिच्या फळ्यांवरचं चीज खाली आलं. चार महिने ज्याला कुणी शिवलं नव्हतं ते चीज. पहिला तुकडा प्रेदुनं कापला, कागदासारख्या पातळ भाकरीवर ठेवला आणि सगळ्यांसमोर खाल्ला. मग उठून, टोपी हातात घेऊन, तिच्यापुढं उभा राहिला.

"बादोरा, डेअरीच्या वतीनं सांगतो, आणि माझ्या वतीनंही. आम्ही चुकलो. उद्यापासून तुझं दूध परत घालशील का?"

बादोरानं वाईनचा घोट घेतला, तोंड पुसलं आणि म्हणाली:

"घालीन. पण गाडी इथं दारापर्यंत यायला हवी, मी खालच्या रस्त्यावर वाट बघत बसणार नाही. आणि यंदाचं एकही मादीकोकरू मी विकलेलं नाही, काका, सगळी ठेवलीत. तेव्हा पुढच्या साली ती व्यायली की येताना दोन कॅन जास्तीचे आणा."